चीज विभाग, बुरशीमुक्त

रविवार, १२ ऑक्टोबर २००८

आजपासून रोजनिशी. इंग्रजीत लिहिणार होतो, पण इंग्रजीत लिहायला बसलो की आपोआप ‘काइंडली नोट’ येतं. म्हणून मराठी.

सगळीकडे एकच विषय. क्रायसिस. खालच्या मजल्यावरचा बँकवाला गेला, समोरचा इंटिरिअरवाला जाणार म्हणतात. मी उर्मिलाला शांतपणे समजावलं की आमची कंपनी खाण्याच्या वस्तू इम्पोर्ट करते. बँका बुडाल्या म्हणून माणसं जेवायची थांबतात का? तिने विचारलं, तुमच्याकडे किती जणांना काढलं. मी म्हणालो, फक्त नऊ.

अकरा वर्षं इथे आखातात, रास अल खोरच्या गोदामात स्टोअर्स मॅनेजर आहे. तांदूळ, डाळी, टिनातला टूना. आधी आलेला माल आधी बाहेर, हा माझा नियम. जुना माल माझ्याकडे टिकत नाही.

संकल्प: १) रोज पहाटे चालणं. २) अस्मीची दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. रोज एक तास तिचं गणित घेणं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

चालणं रद्द. फार ह्युमिडिटी.

गणित घेतलं. अस्मी म्हणाली, बाबा, युवर मेथड इज सो डिफरंट. चला, फरक तिच्या लक्षात तरी आला.

रविवार, २ नोव्हेंबर

फिलीप पळाला!

फिलीप म्हणजे आमच्या फ्रेंच चीज विभागाचा फ्रेंच माणूस. गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये, किल्ली गाडीतच, माणूस पॅरिसला. कोल्ड रूमची चावी तेवढी टेबलावर ठेवून गेला.

अकरा वाजता नूरुद्दीन साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा पाजला. (अकरा वर्षांत दुसऱ्यांदा.) म्हणाले, विलासभाई, ड्राय सेक्शन मेरा भतीजा देखेगा, चीज अब आप देखो, फेब्रुवारी एंड तक देखो, फिर सोचेंगे. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले की मार्चपासून कोल्ड सेक्शनला एकच माणूस राहील. बाकी सगळे खलास.

म्हणजे मी फ्रेंच चीजचा हेड. म्हणजेच प्रमोशन. पगाराचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. अशा वेळी हावरटपणा दिसतो.

एकच माणूस राहणार आणि तो मी असणार. असलाच पाहिजे. व्हिसा रद्द झाला की तीस दिवसांत देश सोडायचा. ऐन बोर्डाच्या तोंडावर अस्मीला उचलून पुण्याला न्यायचं? मुळीच नाही. ही पोरगी परीक्षा इथेच देणार, आपल्या शाळेत, आपल्या मैत्रिणींबरोबर. त्यासाठी काहीही करावं लागलं तरी मी करीन.

फिलीपच्या फाइलीत चौसष्ट प्रकारांची यादी आहे. रोज पाच प्रकार शिकायचे. पंधरा तारखेपर्यंत एक्स्पर्ट.

सोमवार, ३ नोव्हेंबर

एक प्रकार शिकलो. ब्री.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज कोल्ड रूम उघडून इन्स्पेक्शन केलं. टॉर्च, रजिस्टर, मास्क. जे पाहिलं ते जसंच्या तसं नोंदवतो.

ब्री आणि कॅमाम्बेर, चाळीस कार्टन. प्रत्येक नगावर पांढरी बुरशी. एकही सुटलेला नाही.

रोकफोर. बुरशी हिरवी-निळी, आणि ती थेट आतपर्यंत.

एपवास. वरून केशरी, चिकट. वासाबद्दल लिहीत नाही.

सँत मोर. बकरीच्या दुधाचं, लांबट. बाहेरून राख फासलेली. एक कापून पाहिलं तर आत मधोमध गवताची काडी! डाळीत खडा सापडला तर मी अख्खी कन्साइनमेंट परत पाठवतो, इथे प्रत्येक नगात काडी.

मिमोलेत. गोल, नारिंगी, वरून पोखरलेलं. भिंगातून पाहिलं तर बारीक किडे चालत होते.

कोंते. गाडीच्या चाकाएवढे अठरा नग, एकेक चाळीस किलोचा. स्टिकरवर तारीख ऑक्टोबर २००६. दोन वर्षांपूर्वीचा माल! आणि तो सगळ्यात वरच्या फळीवर, मानाने ठेवलेला.

आता फिलीप का पळाला ते कळलं. क्रायसिस वगैरे काही नाही. सडका माल गळ्यात मारून घेतला आणि उघडकीला येण्याआधी पसार झाला.

साहेबांना आत्ताच सांगणार नाही. ते आधीच टेन्शनमध्ये आहेत. आधी मी सगळं दुरुस्त करीन, मग फेब्रुवारीत एकदमच सांगीन.

रफिकला मात्र विश्वासात घेतलं. रफिक गोरखपूरचा, पन्नाशीचा, चौदा वर्षं याच कोल्ड रूममध्ये काढलेला. तो म्हणाला, सर, ये सब ऐसा ही होता है, फिलीप सर बोलते थे जिंदा माल है, हर तीसरे दिन हाथ से पलटाते थे. बिचारा. चौदा वर्षं त्यालाही फसवलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

जेवताना बुरशीचा विषय निघाला. अस्मी म्हणाली, दॅट्स लिटरली द रिंड, बाबा, इट्स द स्किन, यू ईट इट. मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाली, गूगल. मी म्हणालो की गूगलवर हे लिहिलं कोणी? फ्रेंच लोकांनीच ना? स्वतःचा माल खपवायचा म्हटल्यावर ते बुरशीच काय, खोकंसुद्धा खायला सांगतील. तिने फक्त डोळे फिरवले. वय आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

‘ऑपरेशन क्लीन’ सुरू. रफिक आणि मी, चमचे घेऊन, चाळीस कार्टन. पांढरी बुरशी खरवडली. आतून पिवळंधमक लोण्यासारखं निघालं. काही नग जरा जास्तच मोकळे झाले आणि टेबलावर वाहू लागले. ते डब्यात भरले. रोकफोरमधली निळी बुरशी सुरीच्या टोकाने कोरून काढली.

सँत मोर नळाखाली धुतलं. राख गेली. आकार किंचित बदलला. काड्या चिमट्याने काढल्या. दोनशे बारा काड्या. पुरावा म्हणून पाकिटात ठेवल्या आहेत.

रफिक दिवसभर मान खाली घालूनच खरवडत होता. दमला असेल.

रविवार, ९ नोव्हेंबर

मिमोलेतच्या किड्यांवर रात्रभर विचार केला. पेस्ट कंट्रोल बोलावलं तर बोभाटा होणार. मग आठवलं. आई वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळून ठेवायची, एक किडा लागत नसे.

उर्मिलाकडची बाटली नेली. पुरली नाही. कुसैसच्या मल्याळी वैद्याच्या दुकानातून आणखी सहा आणल्या, बारा दिरहमला एक, म्हणजे दीडशे रुपये. खिशातून. हे चिल्लर खर्च मी कंपनीकडे मागत नाही.

सगळे गोळे छान चकाकताहेत.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मिमोलेतवर एक किडा नाही. फ्रान्समध्ये हे कुणाला कसं सुचलं नाही?

चौसष्टपैकी सहा प्रकार शिकून झाले. वेग कमी वाटतो, पण खोली आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सुट्टी. घरी अभ्यासासाठी सॅम्पल्स आणली. एपवासमुळे थोडा गैरसमज झाला. शेजारच्यांनी वॉचमनला बोलावलं, वॉचमनने प्लंबरला. प्लंबरने आमच्या बाथरूमची जाळी उघडून बंद केली. उर्मिलाने डबा तीन पिशव्यांत गुंडाळून गच्चीवर ठेवला. तिथूनही तक्रार आली.

मी स्वतः अजून एकही चीज चाखलेलं नाही. मुद्दाम. जजने पक्षकाराकडे जेवायचं नसतं.

उर्मिलाने मात्र कोंतेचा तुकडा तोंडात टाकला आणि लगेच दुसरा कापून घेतला. मग म्हणाली, अहो, हे जुनं नाही, मुरलेलं आहे. आपलं दोन वर्षांचं लिंबाचं लोणचं कसं, तसं. मी म्हणालो की लोणच्यात मीठ आणि मोहरी असते, इथे दूध आहे, दूध दोन वर्षं राहिलं तर त्याला मुरणं म्हणत नाहीत. ती म्हणाली, मग मला एक किलो आणून द्या. बायकांना सवलतीत मिळालं की सगळंच आवडतं.

रविवार, ७ डिसेंबर

साहेब कोळिकोडला गेले. घरी काही जमिनीचं काम आहे म्हणाले, तिथून दोहा. परत येतील फेब्रुवारीत. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, विलासभाई, टेन्शन नहीं लेने का, बस आप आराम से बैठो. मी म्हणालो, साहेब, आराम हा शब्द माझ्या डिक्शनरीत नाही. ते हसले. विश्वास बसला त्यांचा.

मंगळवार, १६ डिसेंबर

कोंते प्रश्न सुटला!

दोन वर्षं जुना माल कोण घेणार? हॉटेलं तर नाहीच. मग डोकं चालवलं. कुसैसला एक मल्याळी कॅफेटेरिया आहे, चीज-पराठा रोल विकतो. मालकाला भेटलो. स्पष्ट सांगितलं की माल जुना आहे, मी लपवत नाही. त्याने एक तुकडा खाल्ला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाल्ला, आणि विचारलं किलोला किती. मी म्हणालो दहा दिरहम. तो म्हणाला पाच. सहावर आणला. सहा दिरहम, म्हणजे ऐंशी रुपये किलो. दोन वर्षांच्या शिळ्या मालाचे!

अठराच्या अठरा चाकं पिकअपमध्ये चढली. मालकाने जाताना माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे पाणावल्यासारखे वाटले. सौदा जमला की माणसं भावुक होतात.

रफिकने नमाजाचं कारण सांगून सुट्टी घेतली.

गुरुवार, १ जानेवारी २००९

नवं वर्ष. संकल्प तेच. नव्याने करायची गरज नाही, जुने अजून कोरे आहेत.

अस्मी हल्ली गणिताला वरच्या मजल्यावरच्या कावेरीमॅडमकडे जाते. मी सुचवणारच होतो.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. उर्मिलाचे तिळगूळ घेऊन ऑफिसला गेलो. घ्यायला माणसं सात. ऑक्टोबरमध्ये सव्वीस होती. मी सातात आहे, हे पुरेसं बोलकं आहे.

रफिक सांगत होता की कुसैसच्या त्या कॅफेटेरियासमोर आता रांग लागते. मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पची बस तिथे मुद्दाम थांबते. साइटवरची माणसं दोन-दोन पराठे खातात, म्हणतात ऐसा पनीर कभी नहीं खाया. बघा! माल फुकट घालवला असता तर? गरिबांच्या तोंडी लागला.

सोमवार, १९ जानेवारी

फ्रेंच शेफचा फोन. बीचकडच्या मोठ्या हॉटेलातला, फिलीपचं जुनं गिऱ्हाईक. चोवीस महिन्यांचं कोंते हवंय म्हणाला. मी अभिमानाने सांगितलं, सर, आम्ही सगळा जुना माल काढून टाकला, आता फक्त फ्रेश. पलीकडे इतका वेळ शांतता की मी तीनदा हॅलो म्हणालो.

मग त्याने एक कार्टन कॅमाम्बेर मागवलं. आमचं साफ केलेलं लगेच पाठवलं.

मंगळवार, २० जानेवारी

दुपारी दोन. कार्टन परत. शेफची चिठ्ठी, एकच ओळ. व्हेअर इज द स्किन?

मी उत्तर लिहिलं. डिअर सर, स्किन रिमूव्ह्ड बाय अस, नो एक्स्ट्रा चार्ज.

दुपारी चार. त्याने कळवलं की यापुढे मेल करू नये. एवढं मोठं हॉटेल, आणि एका कार्टनचे पैसे द्यायला जमेना. क्रायसिसने लोकांची काय अवस्था केली आहे! वाईट वाटलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

फेब्रुवारीअखेरचं प्रेझेंटेशन तयार. चौदा स्लाइड्स. बुरशी: शून्य. किडे: शून्य. काड्या: शून्य. एक वर्षापेक्षा जुना माल: शून्य. विक्री नाही असं कुणी म्हणू शकतं, पण विक्री हा सेल्सचा विषय आहे आणि सेल्सचा माणूस गेला महिनाभर येत नाही.

एकूण नऊ प्रकार शिकलो. उरलेले पंचावन्न नोकरी पक्की झाल्यावर.

उर्मिलाने विचारलं, नाही झालं तर? मी म्हणालो की मी हा शब्दच ऐकलेला नाही. तिने कपाटातून मोठ्या बॅगा काढून उन्हात ठेवल्या आहेत. वास लागलाय म्हणे.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

साहेब आले. खुशीत होते. दोह्यात एक गिऱ्हाईक मिळालं म्हणाले, फक्त कोंतेसाठी. चोवीस महिन्यांचं इतकं कोंते सध्या आखातात कुणाकडे नाही. किलोला पंच्याऐंशी दिरहम. मी मनात हिशोब केला, अकराशे रुपयांच्या वर. मग मनातच तो हिशोब थांबवला.

मी प्रेझेंटेशन सुरू केलं. आधीच्या सगळ्या स्लाइड्स त्यांनी शांतपणे पाहिल्या. ‘एक वर्षापेक्षा जुना माल: शून्य’ आली तेव्हा उभे राहिले आणि चालत कोल्ड रूममध्ये गेले. मी मागे. वरच्या रिकाम्या फळीकडे बघत राहिले.

ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला उत्तरं देता आली असती, तयारी होती. तिथेच एका कार्टनवर बसले आणि हळू आवाजात बोलले. विलासभाई, चीज तो नोव्हेंबर में ही खलास था, हॉटेलवालों ने सब ऑर्डर कॅन्सल कर दिए थे. निकालने वालों की लिस्ट में पहला नाम आपका था. भाभीजीने शहनाझ को फोन किया. बच्ची का बोर्ड है, मार्च तक रख लो. मैंने सोचा ठीक है, चावी दे देता हूँ, आदमी बैठा रहेगा.

शहनाझ म्हणजे त्यांची बायको.

मी विचारलं की कोंते किती वाचवू शकलं असतं. म्हणाले, सहा महिन्यांचे पगार. रफिकचा, पुतण्याचा, माझाही. मग म्हणाले की एकतीस मार्चपर्यंत व्हिसा राहील, तो शब्द त्यांनी शहनाझला दिलाय. ऑफिसला यायची गरज नाही. कोल्ड सेक्शनला रफिक राहील. माझ्याशी हात मिळवला. हात गार होता, कोल्ड रूममुळे.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

कालचा पूर्ण दिवस काही लिहिलं नाही.

उर्मिलाला म्हणालो, फोनचं मला कळलं. तिने पोळी लाटता लाटता विचारलं, रागावलात? मी म्हणालो, नाही. मग विचारलं, तू मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही एवढ्या हुरूपाने निघायचात रोज. आणि पोळी तव्यावर टाकली.

मला लाज वाटते. कोंतेची नाही इतकी. हा माणूस मला आराम से बैठो म्हणत होता आणि मी त्याला डिक्शनरी ऐकवली, याची.

पण एक गोष्ट मी ठरवली आहे आणि यात बदल नाही. अस्मीला शेवटचा पेपर होईपर्यंत कळता कामा नये. मुलगी हळवी आहे. तिच्यासमोर घर जसंच्या तसं राहिलं पाहिजे. मी रोज सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन निघणार, संध्याकाळी सहाला येणार. रविवारपासून सुरुवात. यात मी कमी पडणार नाही. उर्मिला काहीतरी बोलणार होती, मी हातानेच थांबवलं.

रविवार, १ मार्च

सात ते सहा. मॉलमध्ये चार तास, खाडीकाठी तीन, उरलेले बसमध्ये. घरी आल्यावर दमल्याचा अभिनय करावा लागला नाही. जेवताना मी सांगितलं, साहेबांनी नवीन वीस कंटेनर मागवलेत. अस्मी म्हणाली, दॅट्स नाइस, बाबा. पूर्ण विश्वास बसला तिचा.

मंगळवार, ३ मार्च

आज पहिला पेपर. ऑफिसमधून खास अर्धा दिवस सुट्टी काढल्याचं सांगून मीच तिला सोडायला गेलो, आणि गेटवरच थांबलो.

दरवर्षी अशा वेळी गेटवर आया असतात. आज बापच जास्त. तीस-चाळीस तरी. सगळे इस्त्रीच्या शर्टात, मंगळवारी सकाळी साडेदहाला. शेजारच्याने विचारलं, लीव्हवर? मी म्हणालो, हो, तुम्ही? तो म्हणाला, मीपण. मग दोघंही गेटकडे बघत बसलो.

दीड वाजता अस्मी आली. पेपर सोपा गेला म्हणाली. मी म्हणालो, चल, तुला घरी सोडतो आणि ऑफिसला पळतो, कंटेनर आलेत. ती थांबली. म्हणाली, बाबा, इट्स ओके. यू डोंट हॅव टू. आय वॉज देअर व्हेन आई कॉल्ड शहनाझ आँटी. नंबर मीच लावून दिला होता.

नोव्हेंबरपासून. चार महिने ही पोरगी रोज रात्री माझ्या चीजच्या गोष्टी ऐकत होती, आणि मग खोलीत जाऊन अभ्यास करत होती.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तिने खांदे उडवले. म्हणाली, यू वर सो हॅपी, बाबा. नंतर, माझ्याकडे न बघता, मराठीत म्हणाली, पुण्याला जायला मला काही वाटत नाही.

 

बस आली. गर्दी होती, एकच सीट मिळाली, तिने मला बसवलं. माझी ऑफिसची बॅग तिने स्वतःच्या खांद्याला लावली आणि घरापर्यंत तशीच उभी राहिली. बॅगेत काहीही नव्हतं. उचलताना तिला ते कळलं असणार, पण तिने ती मोठ्या वजनाची असल्यासारखी दोन्ही हातांनी धरली होती.